चवथीला भेटी चढतात, विसर्जनानंतर कोसळतात: दरवर्षीच्या या दुखण्याचे निदान

गोव्यात बसून मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्यांची एक तक्रार दर वर्षी भाद्रपद सरता सरता कानावर येते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी भेटींचा आलेख चढू लागतो, माटोळीवरचा (गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या सजावटीवरचा) किंवा नेवऱ्यांवरचा (करंज्यांवरचा) जुना लेख अचानक पहिल्या नंबरवर जातो, आणि दीड दिवसाचा गणपती पोचवून घरी येईपर्यंत आलेख जमिनीला टेकलेला असतो. मग लिहिणारा घाबरतो. टेम्प्लेट बदलतो, रोज एक लेख टाकायला लागतो, कुणीतरी सांगितले म्हणून मथळ्यात 'वाचून थक्क व्हाल' घालतो. दिवाळीला नरकासुर जळेपर्यंत त्याचा उत्साहही जळून जातो. पुढच्या चवथीला तेच चक्र पुन्हा सुरू.

यातल्या बहुतेक ब्लॉगना काहीही झालेले नसते. चूक आकडा वाचण्यात असते. एकूण भेटी किती, या एका आकड्यावरून ब्लॉगमध्ये काय बदलायचे ते कधीच कळत नाही. कोणते पान, कुठून आलेला वाचक, काय शोधत आलेला आणि कोणत्या दिवसांत, हे चार प्रश्न सुटे करून विचारले तर मात्र त्याच आकडेवारीतून पुढच्या वर्षाचे काम निघते. खाली जो क्रम दिला आहे तो मी मुद्दाम पाळतो. मोजणी खरी आहे की नाही हे न बघता लेख सुधारायला बसणे म्हणजे नुसता वेळ घालवणे.

मोजलेली भेट खरी होती का?

सुरुवात स्वतःपासून करा. लेख प्रकाशित झाल्यावर आपणच तो फोनवर दहा वेळा उघडतो, शुद्धलेखन बघतो, फोटो नीट दिसतो का ते बघतो, घरच्यांना दाखवतो. दिवसाला तीस-चाळीस भेटी असलेल्या ब्लॉगवर एवढ्यानेही आलेख हलतो. ब्लॉगर या गुगलच्या ब्लॉगसेवेवर स्वतःच्या भेटी न मोजण्याची सोय आहे, पण ती त्या ब्राउझरमधल्या कुकीवर (तिथे साठवलेल्या छोट्या नोंदीवर) चालते. कुकीज पुसल्या किंवा दुसऱ्या फोनवरून उघडले की तुम्ही पुन्हा 'वाचक' झालात. गुगल ॲनालिटिक्स या भेटी मोजणाऱ्या साधनात आपला आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) 'अंतर्गत' म्हणून नोंदवून वगळता येतो. त्यात दोन अडचणी आहेत. घरच्या इंटरनेटचा पत्ता बहुधा बदलत राहतो. आणि तो फिल्टर सुरुवातीला 'टेस्टिंग' अवस्थेत असतो, ॲडमिनमध्ये जाऊन तो 'ॲक्टिव्ह' करावा लागतो. कित्येकांचा तो वर्षानुवर्षे टेस्टिंगवरच पडून असतो. शिवाय फिल्टर मागच्या आकड्यांना लागत नाही, लावल्या दिवसापासून पुढेच. संगणकावर लिहिणाऱ्यांसाठी गुगलचेच ऑप्ट-आउट ॲड-ऑन हा त्यातल्या त्यात सोपा उपाय.

दुसरे, बॉट, म्हणजे माणसाशिवाय आपोआप पाने उघडणारे प्रोग्रॅम. ब्लॉगरच्या स्वतःच्या आकडेवारीत एखाद्या रात्री कुठल्या तरी परदेशातून शेकडो भेटी दिसतात आणि स्रोतांच्या यादीत अनोळखी साइटचे पत्ते येतात. त्या पत्त्यांवर क्लिक करू नका, तुम्ही कुतूहलाने तिथे यावे म्हणूनच ते पेरलेले असतात. ॲनालिटिक्स ओळखीचे बॉट आपोआप वगळते, म्हणून दोन्हीकडचे आकडे कधीच जुळत नाहीत. जुळावेत म्हणून धडपडूही नका. पानावरच्या स्क्रिप्टने मोजणारे साधन जाहिराती अडवणाऱ्या वाचकाला गाळते, तर सर्व्हरवर मोजणारे साधन व्हॉट्सॲपने दुव्याची झलक आणायला मारलेली फेरीही मोजू शकते. एक साधन निवडा आणि त्याची तुलना त्याच्याशीच करा.

मोजणीचा टॅग, म्हणजे त्यासाठी पानात घातलेला कोडचा तुकडा, बिघडल्यामुळे होणारे अपघातही वारंवार दिसतात. टेम्प्लेट बदलताना ॲनालिटिक्सचा टॅग गळून जातो आणि भेटी एका रात्रीत शून्य होतात. किंवा टॅग सेटिंगमध्येही आणि टेम्प्लेटमध्येही घातला जातो आणि पाने दुप्पट मोजली जातात. ओळखायचे कसे? सर्च कन्सोल, म्हणजे गुगल शोधात आपली पाने किती दिसली आणि किती उघडली गेली ते दाखवणारे गुगलचे साधन, उघडा. तिथले क्लिक नेहमीसारखे आणि ॲनालिटिक्स मात्र सपाट, तर वाचक आहेत, टॅग गेला आहे.

आणि वेळ. ॲनालिटिक्सची प्रॉपर्टी (ब्लॉगचे खाते) उघडताना टाइम झोन न बघता पुढे गेला असाल तर तो अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर राहिलेला असू शकतो. सप्टेंबरमध्ये तिथे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. म्हणजे चवथीच्या सकाळी पूजेच्या गडबडीत आलेला वाचक आदल्या दिवशीच्या, हरतालिकेच्या खात्यात जमा. टाइम झोन बदलून घ्या, पण बदल पुढच्याच आकड्यांना लागू होईल हे लक्षात ठेवा. सर्च कन्सोल तर रोजचे आकडे पॅसिफिक वेळेनेच मांडते, तिथे एक दिवस मागेपुढे धरूनच वाचावे.

सगळे लेख एकसारखे दिसतात

ही खास मराठी आणि खास ब्लॉगरची अडचण. मथळा पूर्ण देवनागरीत असला की ब्लॉगर त्याचा पत्ता 'ब्लॉग-पोस्ट', 'ब्लॉग-पोस्ट 15' अशा छापाचा करतो. आकडेवारीच्या यादीत मग अशी तीस पाने एकाखाली एक, आणि माटोळी कुठली अन् हरवळ्याचा धबधबा कुठला ते कळत नाही. वर्डप्रेसवर उलटे: देवनागरी पत्ता तसाच जातो, पण यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत एका देवनागरी अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन खुणांनी लिहिला जातो. 'चवथ' या तीन अक्षरांच्या 27 खुणा होतात. असा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला तर वाचणाऱ्याला तो व्हायरससारखा दिसतो, आणि काकू तो उघडत नाहीत.

उपाय दोन. जुन्या लेखांसाठी पत्त्याऐवजी पेज टायटलनुसार अहवाल पाहा, तिथे मराठी मथळे नीट दिसतात. नव्या लेखासाठी प्रकाशित करण्याआधी कस्टम पर्मालिंकमध्ये रोमन लिपीत छोटा पत्ता द्या. जुन्यांचे पत्ते मात्र हौसेखातर बदलू नका. लोकांनी साठवलेले आणि पुढे पाठवलेले दुवे तुटतील, हाती काही लागणार नाही.

'डायरेक्ट' म्हणजे कोण?

ॲनालिटिक्सच्या यादीत 'डायरेक्ट' सर्वांत वर असते आणि लोक खूश होतात: एवढे वाचक पत्ता टाइप करून येतात! नाही हो. डायरेक्ट म्हणजे कुठून आला ते कळले नाही, एवढेच. आपल्याकडे त्यात मोठा वाटा व्हॉट्सॲपचा असतो, कारण तिथून उघडलेल्या दुव्याबरोबर स्रोत बहुधा येत नाही. वाड्यावरचा ग्रुप, देवस्थानाचा ग्रुप, मुंबईतल्या गोंयकारांचा ग्रुप, सगळे या एका गाठोड्यात.

ग्रुपमध्ये स्वतः पाठवता त्या दुव्याला यूटीएम, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणाऱ्या खुणा, शेवटी जोडा: स्रोत, माध्यम आणि मोहीम. गुगलचे यूआरएल बिल्डर ते तयार करून देते. नावे रोमन लिपीत आणि सगळी लहान अक्षरांत ठेवा, कारण लहान-मोठ्या अक्षरांची नोंद वेगवेगळी होते आणि एका व्हॉट्सॲपचे तीन होतात. ब्लॉगच्या आतल्या दुव्यांना यूटीएम लावू नका, मूळ स्रोताचा हिशेब बिघडतो.

हे केल्यावर चवथीच्या उंचवट्याचे दोन तुकडे पडतात, आणि दोघांचा स्वभाव वेगळा असतो. ग्रुपमधून आलेली लाट दोन दिवसांत ओसरते. ती ओसरणारच, तिच्यासाठी ब्लॉगमध्ये काही दुरुस्त करायचे नसते. शोधातून आलेला वाचक पुढच्या वर्षी परत येऊ शकतो. काम त्याच्यासाठी करायचे.

जाता जाता, गावांच्या यादीबद्दल. 'माझे वाचक पुण्या-मुंबईचे, गोव्यात कुणी वाचत नाही' असे म्हणण्याआधी थांबा. शहर आयपी पत्त्यावरून अंदाजाने काढले जाते, आणि मोबाइल सेवेत गोवा महाराष्ट्राच्याच दूरसंचार सर्कलमध्ये येतो. डिचोलीत बसून फोनवर वाचणारा पुण्याचा म्हणून दिसू शकतो. या यादीवरून 'आता पुणेकरांसाठी लिहू' असा निर्णय तर अजिबात घेऊ नका.

सप्टेंबरची तुलना सप्टेंबरशी करू नका

या दुखण्याचे खरे मूळ इथे आहे. सगळी साधने इंग्रजी महिन्यांनी तुलना करतात आणि आपले वाचक तिथीने येतात. चवथ 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला आली, आणि 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे 14 सप्टेंबरवर गेली. आता 2025 चा सप्टेंबर 2024 च्या सप्टेंबरसमोर ठेवा. वाचक निम्म्यावर आल्यासारखे दिसेल. झालेले काय असते? गर्दी ऑगस्टमध्ये येऊन गेली. 2026 मध्ये उलट होते: ऑगस्ट ओस आणि सप्टेंबर भरभरून, म्हणून लिहिणारा म्हणतो की नवे टेम्प्लेट फळले. दोन्ही वेळा चंद्राचे श्रेय-अपश्रेय टेम्प्लेटच्या माथी.

म्हणून तारखा हाताने निवडा. चवथीआधीचे एकवीस दिवस आणि नंतरचे सात, असा पट्टा एकदा ठरवा आणि प्रत्येक वर्षी तोच तिथीला चिकटवून तुलना करा. शिगम्यावर, शिरगावच्या लईराईच्या जत्रेवर किंवा माशेलच्या चिखलकाल्यावर लिहिणाऱ्यांनाही हेच लागू. सांजावावर लिहिणारा मात्र सुखी, त्याचा सण 24 जूनला पक्का.

अशी तुलना करायला जुना तपशील शिल्लक असावा लागतो. ॲनालिटिक्सच्या 'एक्सप्लोरेशन'मध्ये तपशील ठेवण्याची मुदत मुळात 2 महिने असते, ती ॲडमिनमध्ये 14 महिन्यांवर नेता येते. आज रात्रीच करा. अधिक मास आला तरी दोन चवथींमध्ये साधारण तेरा महिन्यांहून जास्त अंतर पडत नाही, त्यामुळे मागची चवथ हातात राहते, पण तिच्या आधीचा पट्टा पूर्ण हवा असेल तर सण झाल्या झाल्या आकडे उतरवून घेणे बरे. सर्च कन्सोल 16 महिने मागचे दाखवते. त्यापलीकडचे हवे असेल तर दर चवथीनंतर यादी डाउनलोड करून ठेवायची. जुन्या ॲनालिटिक्सने 1 जुलै 2023 पासून नवी नोंद घेणे बंद केले आणि नंतर जुने आकडेही पुसले गेले, तेव्हा ज्यांनी उतरवून ठेवले नव्हते त्यांची मागची सगळी वर्षे गेली.

आणखी एक ताळा: गुगल ट्रेंड्सवर 'गणेश चतुर्थी' टाकून भारतापुरता आलेख बघा. तोही त्याच दिवशी कोसळत असेल तर लोकांनी शोधणेच थांबवले आहे, तुमचा ब्लॉग निर्दोष आहे.

आता लेखाला हात लावा

सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स अहवाल उघडा, चवथीचा पट्टा निवडा, माटोळीचा लेख निवडा आणि 'क्वेरीज'वर जा. लोकांनी काय टाइप केले होते ते इथे दिसते. सगळे दिसत नाही, अगदी मोजक्यांनी केलेले शोध गुगल गोपनीयतेसाठी लपवते. पण जे दिसते तेही पुष्कळ असते.

समजा तिथे 'माटोळी सामान यादी', 'माटोळीला काय काय लागते' आणि रोमन लिपीत लिहिलेली माटोळी असे शोध आहेत. आता आपला लेख उघडून बघा. पहिले तीन परिच्छेद आजोळच्या आठवणींचे, मग निसर्गपूजेवर चिंतन, आणि यादी शेवटी, तीही वाक्यांत विरघळलेली. वाचक फोंड्याच्या बाजारात एका हातात पिशवी धरून उभा आहे. त्याला नारळाची पेंड, सुपारीचा शिपटा, केळ्यांचा घड, तोरिंगे, चिबूड, आंबाडे, कांगणे, घागऱ्या हे एका नजरेत हवे आहे. यादी वर आणा. आठवणी खाली न्या, काढू मात्र नका: घरी गेल्यावर निवांत वाचणारा वाचकही असतो, आणि लेख तुमचा आहे तो त्या आठवणींमुळेच.

मग त्याच अहवालात शोधाचा प्रकार 'इमेज' करून बघा. रानफळांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे, कारण पणजीत वाढलेल्या मुलाला कांगणे कसे दिसते ते नावाने कळत नाही. फोटोच्या फाइलचे नाव कॅमेऱ्याने दिलेले आकडे आणि पर्यायी मजकूर (फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ) रिकामा, अशी अवस्था असेल तर गुगलला त्यात काय आहे ते कसे कळणार? प्रत्येक फळाचा वेगळा फोटो, खाली ठळक नाव, पर्यायी मजकुरात मराठी नाव. गोव्यात चवथ म्हणतात, मुंबईचा गोंयकार गणेश चतुर्थी टाइप करतो; लेखात दोन्ही सहज यायला हवेत, ओढूनताणून नव्हे.

चार आकडे एकत्र कसे वाचायचे तेही सांगतो. इम्प्रेशन्स (शोधात पान किती वेळा दिसले तो आकडा) भरपूर आणि क्लिक नाममात्र, शोधातले सरासरी स्थान पहिल्या पाचात: मथळ्यातून वाचकाला उत्तर मिळेल असे वाटत नाही, मथळा बदला. इम्प्रेशन्स भरपूर पण स्थान आठ ते वीसच्या दरम्यान: हा लेख सर्वांत आधी सुधारण्याच्या लायकीचा, थोड्या भरीव मजकुराने तो वर सरकू शकतो. क्लिक चांगले, पण ॲनालिटिक्समध्ये वाचक पानात गुंतून राहिल्याचा सरासरी काळ पंधरा सेकंद: वाचक आला, हवे ते दिसले नाही, गेला. इथे एक अपवाद ठेवा. 'यंदा चवथ कधी' या पानावर दहा सेकंद थांबून गेलेला वाचक समाधानाने गेलेला असतो. ॲनालिटिक्स दहा सेकंदांहून जास्त टिकलेल्या किंवा दोन पाने पाहिलेल्या भेटीला गुंतलेली भेट मानते. तारखेच्या पानाला ती फूटपट्टी लावू नका.

सुधारणा त्याच पत्त्यावर करा. दर वर्षी 'माटोळी 2025', 'माटोळी 2026' असे नवे लेख टाकले तर आपलेच लेख एकमेकांशी भांडत बसतात आणि जुन्याने मिळवलेले स्थान नव्याला मिळत नाही. ब्लॉगरच्या पत्त्यात जुने वर्ष दिसते, दिसू दे. काम आषाढात संपवा, श्रावणात नव्हे. गुगलला पान पुन्हा वाचायला वेळ लागतो. बदल झाल्यावर सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून पुन्हा इंडेक्सिंगची (पान गुगलच्या शोधसूचीत नोंदण्याची) विनंती करा. एका वेळी एका लेखात एकच मोठा बदल करा आणि वहीत तारखेबरोबर तिथीही लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी कशाने काय झाले ते सांगता येणार नाही.

विसर्जनानंतरचे अकरा महिने

चवथीचा खड्डा चवथीच्या लेखांनी भरत नाही. जानेवारी ते मे हा पट्टा निवडा आणि शोधातून दर आठवड्याला थोडे का होईना क्लिक आणणारी पाने काढा. यादी छोटी निघेल आणि बहुधा तुम्हाला न आवडणाऱ्या लेखांची निघेल. मुंडकार म्हणजे कोण आणि 1975 च्या कायद्याने त्याला काय संरक्षण दिले, कोमुनिदाद म्हणजे काय, अमुक देवळात बसने कसे जायचे, असले कोरडे लेख. यांना ऋतू नसतो. ब्लॉगचा पाया हाच. या पानांना अद्ययावत ठेवणे हे नवा लेख टाकण्यापेक्षा जास्त फळते, असा माझा ठाम ग्रह आहे.

दुसरे काम दुव्यांचे. माटोळीच्या लेखावर आलेला वाचक पुढे कुठेच जात नाही, कारण पुढे जायला दारच ठेवलेले नसते. बाजूच्या पट्टीतली 'लोकप्रिय लेख' यादी फोनवर पार तळाला जाते. त्याऐवजी मजकुरातच, आंबाड्याचा उल्लेख येतो तिथे पावसाळ्यातल्या रानभाज्यांच्या लेखाचा दुवा द्या. तायकिळ्याची भाजी जून-जुलैत शोधली जाते, अळमी (अळंबी) पावसात. चवथीचा वाचक अशा रीतीने आधीच्या महिन्यांच्या लेखांशी ओळख करून घेतो.

भेटी मुळातच थोड्या असतील तर टक्केवारी बघूच नका. पाचाचे सात झाले की चाळीस टक्के वाढ दिसते, आणि वाढ म्हणजे एखाद्या घरातल्या दोन बहिणी. वाचक फारच थोडे असले तर ॲनालिटिक्स काही ओळी गोपनीयतेसाठी दाखवतच नाही. अशा ब्लॉगने आठवड्यातून एकदा सर्च कन्सोलमधल्या क्वेरीज वाचाव्यात आणि बाकीचे अहवाल चवथीपर्यंत बंद ठेवावेत.

एवढे सगळे करून चवथीच्या पट्ट्यातच, तिथीला तिथी लावूनही, क्लिक आणि इम्प्रेशन्स दोन्ही खाली असतील तर मात्र खरोखर काहीतरी बिघडले आहे. सर्च कन्सोलमध्ये इंडेक्सिंगचा 'पेजेस' अहवाल बघा: लेख इंडेक्समधून गळला का, टेम्प्लेट बदलताना 'नोइंडेक्स' (पान सूचीत घेऊ नका अशी गुगलला सूचना) लागले का, डोमेनची मुदत संपली होती का. इम्प्रेशन्स तेवढीच आणि क्लिक कमी असतील, तर तोच शोध खासगी खिडकीत स्वतः करून बघा. वर कोण आले आहे आणि त्याच्या पानावर असे काय आहे जे तुमच्याकडे नाही, ते पाच मिनिटांत दिसेल.